बीजींचं मृगाजिन

गोंदियाला मोठी गाडी सोडून बालाघाटच्या छोट्या गाडीत बसलो, तेव्हा सकाळचं धुकं अजून जागचं हललं नव्हतं. ही गाडी इतकी सावकाश जाते, की रुळांजवळची म्हैस आपल्याला नीट बघून घेते आणि मगच मान वळवते. दोन्ही बाजूंना धानाची (भाताची) कापलेली शेतं होती. मधेच एखादं झाड धुक्यातून वर यायचं आणि विरघळून जायचं. मी जागा होतो की पेंगत होतो, सांगता येणार नाही. माझी बायको नलिनी गेल्यापासून सहा महिने माझं असंच चाललं होतं.

बालाघाटला कशासाठी निघालो, हे सांगायला थोडी लाजच वाटते. माझं मन कशातच लागत नव्हतं. ध्यानाला बसलो, तर पाचव्या मिनिटाला उठून दाराची कडी लावलीय का ते बघून यायचो. आमच्या भंडाऱ्यातल्या एका जाणत्या गृहस्थांनी सांगितलं, "मास्तर, मृगाजिनावर (हरणाच्या कातड्यावर) बसा. हरणासारखं पळणारं मन आसनाखाली दबून राहतं." ते मी बालाघाटच्या ताईला कळवलं आणि आठवड्यात तिचं पत्र आलं. तिच्या शेजारच्या सरदारजींकडे एक जुनं मृगाजिन होतं आणि सरदारजी ते द्यायला तयार होते. मी लगेच पिशवी भरली.

राज्यांची वाटणी झाली तेव्हा आमचं भंडारा महाराष्ट्रात आलं, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिलं. ताईच्या यजमानांची तिथे कचेरीत नोकरी. ताईने दारातच मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काहून रे, इतका वाळला? जेवत नाही का?"

"जेवतो ना."

"हौ, दिसून राह्यलं मले!"

तिने ताटात चिन्नोरचा (इकडचा सुवासिक तांदूळ) भात डोंगराएवढा वाढला. त्या वासाने डोळे आपोआप मिटले. दुपारभर झोपलो. स्वप्नात नलिनी काही तरी निवडत बसली होती. काय ते दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरदारजींकडे गेलो. फाळणीनंतर ते इकडे आले आणि त्यांनी आरामशीन (लाकूड कापण्याची गिरणी) टाकली. अंगणभर सागाचा भुसा होता. त्यावर ऊन पडलेलं, पाय टाकला की आवाजच येत नव्हता. घरात ग्रंथसाहेबांची वेगळी खोली होती. आपल्याकडच्या सोवळ्याच्या सवयीने मी बाहेरच चपलांबरोबर कमरेचा चामड्याचा पट्टाही काढून ठेवला.

"ओ मास्टरजी," सरदारजी हसले, "पट्टा उतारने को किसने कहा? सिर ढको, सिर!"

त्यांनी माझ्या डोक्याला रुमाल बांधला. मी एका हाताने पँट सावरत माथा टेकला. चामड्याचा पट्टा बाहेर ठेवून चामडंच मागायला आत शिरलेला मी पहिलाच माणूस असेन.

खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरी चादर अंथरलेली होती. खिडकीखाली ते मृगाजिन होतं, तांबूस, पांढऱ्या ठिपक्यांचं. मधोमध केस झिजून टक्कल पडलेलं.

"बीजी का है," सरदारजी म्हणाले. बीजी म्हणजे त्यांची बायको. मुलं आईला बीजी म्हणत, म्हणून तेही म्हणू लागलेले. तिचे वडील उदासी पंथाच्या साधूंना मानणारे. लग्नात त्यांनी लेकीला हे कातडं दिलं. पंजाब सोडताना तिने भांडी मागे टाकली आणि हे पाठीला बांधून आणलं. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"तीस साल झगड़ा किया मैंने. कहता था, हमारे गुरुओं ने समझाया है, खाल पर बैठने से रब नहीं मिलता. राजा हो या मजदूर, सब एक चादर पर बैठो. वो क्या कहती, मालूम? 'रब के लिए नहीं बैठती जी, घुटने दुखते हैं.'"

आम्ही दोघंही मोठ्याने हसलो.

"और बैठने से पहले रोज इस पर हाथ फेरती. कहती, 'माफ करना, तेरी दौड़ छिन गई.'"

आता मात्र हसू आलं नाही. मन दाबायला म्हणून मी जे मागायला आलो होतो, त्याची ती बाई रोज माफी मागत होती.

"अब पाठ करता हूँ, तो आँख उधर ही जाती है. ले जाओ, मास्टरजी."

ते खाली बसले आणि कातडं गुंडाळू लागले. अर्धं गुंडाळलं आणि थांबले. उलगडून टक्कल पडलेल्या जागेवर हात फिरवला. पुन्हा गुंडाळलं, पुन्हा उलगडलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते उलगडलं, तेव्हा माझ्याच्याने बघवेना.

"रहने दीजिए, सरदारजी. मेरे से ज्यादा आपको जरूरत है."

"मुझे? मैं तो मानता ही नहीं इसको!"

असं म्हणत त्यांनी ते पुन्हा खिडकीखाली पसरलं आणि कडा सरळ केल्या.

नंतर त्यांनी माझ्या ओंजळीत कडा प्रसाद (कणकेचा तुपाळ शिरा) घातला. आम्ही बाहेर भुशावर उन्हात बसलो. वैनगंगेकडून येणारा वारा गार होता.

"घर में कौन है?" त्यांनी विचारलं.

"कोई नहीं," मी म्हणालो.

त्यांनी आणखी एक गोळा माझ्या हातावर ठेवला.

ताई चिडली. "एवढ्या दुरून आला अन् हात हलवत चालला! तुले काही समजते का?" मी पिशवी उचलली.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. स्वयंपाकघराच्या दारात नलिनी भाजी चिरायला बसायची. सहा महिने मी ती जागा ओलांडायचंही टाळत होतो, परसातून फिरून आत जात होतो. त्या दिवशी पिशवी ठेवली आणि तिथेच, उघड्या फरशीवर बसलो. मन स्थिर वगैरे काही झालं नाही. ती गेल्यापासून पहिल्यांदाच रडलो, अगदी पोटभर.