रागावरची जांभळी गारगोटी

आमच्या शेतात विहीर खणली तेव्हा काळ्या खडकाच्या पोकळीतून जांभळ्या गारगोट्या निघाल्या होत्या. सुरुंगवाल्यानं त्यातली एक उन्हात धरून पाहिली, "चमकते तं मस्त, पन कामाची नाही," म्हणाला आणि बांधावर भिरकावली. पुढे कित्येक वर्षं त्या गारगोट्या आम्ही पिकात शिरलेल्या बकऱ्यांवर फेकल्या. एकाही बकरीचा स्वभाव सुधारला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण याच दगडानं माझा स्वभाव सुधारेल असं माझ्या घरच्यांनी एकमतानं ठरवलं होतं. आमच्या घरात एकमत होण्याची ती पहिलीच वेळ.

मी बैलांचा व्यापारी. बाप दुसऱ्याच्या शेतात सालदार होता. मी एका लंगड्या गोऱ्ह्यापासून सुरुवात केली आणि आज उमरखेडच्या बाजारात माझा शब्द चालतो. हे काही गोड बोलून झालेलं नाही. समोरचा माणूस बैलाचे दात दाखवायला टाळाटाळ करू लागला की मी जो आवाज लावतो, तो चहाच्या टपरीपर्यंत जातो आणि बैलाचे दात दिसतात. बाजारात याला व्यवहार म्हणतात. घरी याला बीपी म्हणतात.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. थोरल्या मुलीच्या सोयरिकीची बैठक आमच्या घरी होती. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसून लग्नाच्या गोष्टी ठरवतात, ती बैठक. जन्मभर सौदे केलेला माणूस घरात असताना पुढे कोणाला बसवावं? माझ्या साळ्याला, म्हणजे बायकोच्या भावाला. हा पंचायत समितीत कारकून होता आणि याच्या गोड बोलण्याची माझ्या सासरी फार ख्याती. पाहुण्यांची गाडी दारात लागली तसा तो माझ्या कानाशी आला.

"भाऊजी, पाण्याचा टँकर नाही आला अजून. तुमीच जाऊन पाहा बाप्पा. तुमच्याबिगर तो ड्रायव्हर कोनाचं आयकत नाही."

मी गेलो. ड्रायव्हरला झापून, टँकर घेऊन परत आलो तर पेढे वाटून झाले होते. मुलगी तेव्हा शाळेत शिकवत होती. लग्नानंतर नोकरी नको, असं पाहुणे म्हणाले आणि साळ्यानं "काही हरकत नाही" म्हणून टाकलं. म्हातारा बैल विकतानाही माणूस दोनदा नाही म्हणतो हो! मला कळलं तेव्हा शब्द गेलेला होता. बैठकीला पाणी मात्र भरपूर होतं, हे सगळ्यांनी कबूल केलं.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. धाकटी यवतमाळला सरकारी दवाखान्यात नर्स. तिच्यासाठी चांगलं स्थळ आलं. मुलगा यवतमाळातच नोकरीला, शिकलेला, मुलीलाही पसंत. तिची एकच गोष्ट होती. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिनं मला ती सांगितली.

"बाबा, मी नोकरी सोडनार नाही. ताईसारखं करू नका माह्यं."

"मी कायले करतो? मी तं टँकर पाहत होतो."

"म्हनूनच म्हनते. या वेळी तुमी बसा."

हे ऐकून माझी छाती फुगली. बायकोनं तिथल्या तिथे ती सपाट केली.

"बसा ना. पन भाऊ म्हनते ते करा आधी."

भाऊ म्हणजे तोच साळा. निवृत्तीनंतर माणसं भजनाला लागतात, हा दगडांना लागला. मोबाईलवर पाहून पाहून त्यानं स्फटिकांची विद्या शिकून घेतली. त्याच्या घरी प्रत्येक खोलीत दगड. टीव्हीशेजारी दगड, उशीखाली दगड, पिण्याच्या माठात दगड. पाणी मागितलं की माठात आधी खडखड आवाज येतो. पौर्णिमेला तो सगळे दगड गच्चीवर नेऊन ठेवतो. चांदण्यात ते चार्ज होतात म्हणे. मात्र उन्हात ठेवायचे नाहीत, जांभळा रंग उडतो. यवतमाळ जिल्ह्यात राहून ज्याला ऊन सोसत नाही, तो दगड माझा राग सोसणार होता.

"भाऊजी, ॲमेथिस्ट म्हनते याले," तो मला समजावू लागला. "शांततेचा दगड हाय. राग जाते, झोप लागते, डोकेदुखी जाते. दारू पेनाऱ्याची दारू सुटते. शनीचा तरास कमी होते. अन् कपाळातला तिसरा डोळा उघडते."

"माह्ये दोन उघडे हायेत तेच लोकायले जड जाते."

"हे पाहा! हेच ते. याच्यासाठीच पाहिजे तुमाले."

एकाच पुडीनं बैलाचं पोट, खूर आणि डोळा बरा करतो म्हणणारे लोक आमच्या बाजारातही येतात. आम्ही त्यांना पंचा झटकून हाकलतो. पण इथं हाकलायची सोय नव्हती. बायकोनं अट स्पष्ट सांगितली होती. त्या दगडाची अंगठी घालायची, बैठकीपर्यंत एकदाही ओरडायचं नाही, तरच बैठकीत जागा. ओरडलो तर टँकर.

यवतमाळच्या दुकानात गेलो. दुकानदारानं मखमलीवर खडा ठेवला. माझ्या बांधावरच्या गारगोटीला आंघोळ घालून, पैलू पाडून बसवलं तर ती अशीच दिसली असती. त्यानं किंमत सांगितली. मी सवयीनं उठून दाराकडे निघालो. किंमत ऐकून आधी दाराकडे निघायचं, हा आमच्या धंद्यातला नमस्कार आहे. पण मागून हाक आली नाही. वळून पाहिलं तर दुकानदार हात जोडून बसलेला.

"काका, रत्नाचा भाव करत नाहीत. भाव केला की खड्याचा गुण जातो."

मी तिथेच थांबलो. मी खोटे दात पाहिले आहेत, शिंगांना लावलेला रंग पाहिला आहे, बाजाराच्या सकाळी मीठ चारून, पाणी पाजून फुगवलेले बैल पाहिले आहेत. पण घासाघीस केली तर मालच बिघडतो, ही अट मी कोणत्याही व्यापाऱ्याकडून ऐकली नव्हती. मनातल्या मनात त्या माणसाला गुरू केलं. साळा तर आधीच डोळे मिटून मान डोलावत होता. जन्मात पहिल्यांदा मी सांगितलेल्या भावात वस्तू घेतली. त्या दिवशी माझ्यातलं काहीतरी शांत झालं हे खरं. बहुधा मेलं.

शनिवारी दुधात बुडवून अंगठी मधल्या बोटात घातली. चांदीचं कोंदण चांगलं सुपारीएवढं. आणि तिनं पहिला चमत्कार बाजारातच दाखवला.

आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं करत नाहीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर दुपट्टा टाकतात आणि त्याखाली बोटं धरून भाव सांगतात. आकडा हजारात की दहा हजारात, तेवढं फक्त तोंडानं बोलायचं. जितकी बोटं दाबली तितका आकडा. सगळा पंजा धरला की पाच. आजूबाजूला गर्दी असते, पण दुपट्ट्याखाली काय चाललं ते कोणाला दिसत नाही. कोण किती उतरला, कोण किती चढला, कोणाचीच इज्जत जात नाही. "झाला" असा शब्द निघाला की सौदा पक्का. मग तो मोडायचा नाही आणि आकडा विचारायचाही नाही.

केळापूरकडचं एक जुनं गिऱ्हाईक माझी जोडी पाहत होतं. दुपट्टा पडला. त्यानं बोटं धरली. मला चार लागली. मी खूश होऊन "झाला" म्हणालो. दुपट्टा निघाला, पैसे मोजले तेव्हा कळलं की त्यानं धरली होती तीनच. चौथं म्हणून माझ्या बोटांमध्ये जे रुतत होतं, ते शांततेचं कोंदण होतं.

इतर वेळी मी त्या बाजाराच्या चारही कोपऱ्यांना ऐकू जाईल असं बोललो असतो. पण साळा मुद्दाम सोबत आला होता, माझी प्रगती पाहायला. मी तोंड बंद ठेवलं. जोडी गेली. ठरल्या भावात गेली.

संध्याकाळी साळा घरी येऊन बायकोला सांगत होता, "ताई, डोळ्यानं पाह्यलं मी. सरासर नुकसान झालं, पन हूं नाही की चूं नाही! लय पावरफुल खडा हाय."

नुकसान खड्यामुळेच झालं होतं, हे सांगायला मी तोंड उघडलं. बायकोनं फक्त माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं. मला शांत ठेवत होता तो टँकर. पण टँकर बोटात घालता येत नाही, म्हणून श्रेय दगडाला.

बैठकीचा दिवस आला. थोरली मुलगी माहेरी आली होती, पोहे तीच करत होती. ओसरीवर गाद्या टाकल्या. मुलाचे वडील आले, त्यांना मी चेहऱ्यानं ओळखत होतो. घरी बैल राखणारा माणूस, बाजारात कमी बोलणारा. त्यांच्यासोबत त्यांचे थोरले भाऊ, पांढरा फेटा आणि मोठा आवाज. मुलगा कोपऱ्यात बसून मोबाईलकडे पाहत होता, म्हणजे त्याला सगळं ऐकायचं होतं.

लग्न कुठे, पाहुणे किती, सगळं गोडीत झालं. मग फेटेवाले काका म्हणाले, "आनखी एक. आमच्या घरच्या सुना नवकरी करत नाही. पयलेच सांगतलेलं बरं."

मुलाच्या वडिलांनी मान खाली घातली. थोरल्या भावापुढे ते बोलणार नव्हते. माझ्या साळ्याच्या ओठांवर ते जुनं गोड हसू आलं. पुढचे शब्द मला पाठ होते.

"काही ह..."

मी अंगठी काढली आणि सुपारीच्या ताटात ठेवली.

टण्णकन आवाज झाला. साळ्याचा शब्द तोंडातच राहिला. दारामागे बायकोनं "देवा" म्हटलेलं मला ऐकू आलं. साळा अर्धा उठला.

"भाऊजी, तो टँकर जरा..."

"टँकर आलेला हाय. बस खाली."

हे मी हळूच म्हणालो. मग खांद्यावरचा दुपट्टा काढला, मुलाच्या वडिलांसमोर सरकलो आणि हात पुढे केला. त्यांनी दुपट्ट्याकडे पाहिलं. ओळख पटली. त्यांनीही हात पुढे केला. मी दुपट्टा टाकला.

"वर्षं," मी एवढंच तोंडानं बोललो.

त्यांनी दोन बोटं धरली. दोन वर्षं करेल नोकरी, मग पाहू. मी त्यांचा पंजा दाबला. ते तीनवर आले. मी पुन्हा पंजा दाबला, सोडला, परत दाबला. पाच आणि पाच. त्यांच्या भुवया वर गेल्या. मी परत दाबला. आणि परत. मी थांबतच नाही म्हटल्यावर त्या कमी बोलणाऱ्या माणसाच्या पोटातून हसू फुटलं. सगळे चमकून पाहू लागले. मी दाबतच होतो. माझी पोरगी रिटायर होईपर्यंत मला दाबायचं होतं. आज बोटं मोकळी होती, आकडा चुकणार नव्हता.

"झाला!" ते म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं हसून.

"काय झाला? कितीवर झाला?" फेटेवाले काका पुढे वाकले.

"दादा, दुपट्ट्याखालचं इचारतेत का कोनी?" मुलाचे वडील म्हणाले.

काका परत मागे टेकले. साठ-सत्तर बैलांचे सौदे त्यांनीही केले असतील. झालेला सौदा मोडायला लावणारा माणूस कोणत्या बाजारात उभा राहू शकतो? "झाला तं झाला," ते पुटपुटले आणि पोह्यांची बशी ओढली. कोपऱ्यातला मुलगा मोबाईल खिशात टाकून पहिल्यांदा नीट बसला. धाकटी लग्नानंतर आजही यवतमाळलाच आहे, तिच्या ड्युटीवर जाते.

मला वाटलं, आता तरी कोणी म्हणेल की सौदा करावा तर यांनीच. पाहुण्यांची गाडी निघाली तसा साळा ताटातली अंगठी उचलून कपाळाला लावू लागला.

"पाह्यलं का ताई? बोटातून काढली तरी असर गेला नाही. ताटातून काम करून राह्यली!"

"खरंच वं माय," बायको म्हणाली. "इतके शांत मी यांले कधी पाह्यलं नाही."

मी ओरडलो. शंभर टक्के ओरडलो. माझी अट संपली होती. साळा म्हणाला, हे पाहा, अंगठी काढली ना, म्हणून.

मग मी हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. थोरली तिथे पोह्यांची कढई घासत होती. राखेचा हात तसाच ठेवून तिनं माझ्या खांद्याकडे पाहिलं.

"बाबा, हा दुपट्टा माह्या बैठकीच्या दिवशी होता का तुमच्याजवळ?"

"होता."

"मंग?"

पाहुणे दारात होते, साळा कानाशी होता आणि ड्रायव्हर माझ्याशिवाय कोणाचं ऐकत नव्हता, हे मला खरं वाटलं होतं. माझ्याशिवाय अडतं, असं कोणी म्हटलं की मी कुठेही जातो. एवढं सोपं गिऱ्हाईक बाजारात दुसरं नाही.

ती परत कढई घासू लागली. मी नळावर तांब्या भरला आणि तिच्या हातांवर पाणी ओतत राहिलो.