शांत भाडेकरू

आधीच सांगून ठेवते: पुढे येणाऱ्या खोल्यांपैकी एकही मी पाहिलेली नाही, आणि त्यांच्यासाठी झालेल्या एकाही व्हिडिओ कॉलला मी हजर नव्हते. मी सोलापुरात जर्मन शिकवते. माझे विद्यार्थी जर्मनीत शिकायला जातात आणि जाण्याआधी राहायला खोली शोधतात. वहीच्या मागच्या पानांवर काहीबाही साठत जावे, तसे त्या शोधाचे किस्से माझ्या वर्गात साठले आहेत. पाहिलेले पाहिले म्हणून सांगते, ऐकलेले ऐकले म्हणून.

सुरुवात शब्दांपासूनच होते. तिकडच्या जाहिरातींत भाडे दोन प्रकारचे, थंड आणि गरम. थंड म्हणजे नुसत्या खोलीचे. गरम म्हणजे हीटर वगैरे धरून. हे समजावायला मला एक अख्खा तास लागला. मैंदर्गीच्या अंबिकाने घरी जाऊन वडिलांना दोन वाक्यांत समजावले. वडील म्हणाले, "थंडच घे की. गरमी हितं काय कमी हाय, तितं पैसं देऊन घ्यायला?"

एकाच घरात खोल्या वाटून आधीपासून राहणाऱ्यांना स्वतःची ओळख लिहून पाठवावी लागते. अंबिकाने थोरल्या बहिणीचा लग्नाचा बायोडाटा घेतला, नाव बदलले आणि जर्मनमध्ये उतरवला. उंची, रंग गव्हाळ, मामांचे आडनाव, आणि शेवटी 'अपेक्षा: निर्व्यसनी'. मी तपासून दिला. विभक्त्या निर्दोष होत्या. त्यापलीकडे पाहणे मी माझे काम समजत नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. "आम्ही तिघेही सिगारेट ओढतो. मामांना आमच्यातर्फे सॉरी सांग."

"मॅडम, हे 'नाही' झालं का?"

"नाहीच. पण वाक्यरचना बघ, किती स्वच्छ."

श्रीनिवासचे प्रकरण जास्त अवघड. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलांचा कारखाना: खाली आठ माग, वर घर. घरात आई, आत्या आणि पुरुष दोनच, बाप आणि लेक. वडिलांची अट एक होती. "आधी पत्ता दाखव, मग तिकीट. पोरगं कुटं झोपणार ते ठाव न्हाय, आन् विमानात बसवू व्हय?" ऑगस्ट संपत आला तरी प्रवेशपत्र हातात होते आणि पत्ता नव्हता.

एकदा मिळालाही होता. मालक परगावी, किल्ली कुरियरने, पैसे आधी. मी शंका घेतली. पण मी सगळ्याचीच घेते, म्हणून श्रीनिवासने मनावर घेतले नाही. वडिलांनी मोबाइलवर खोलीचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. "ह्यो बटणांचा बोर्ड आपल्या बाथरूमात हाय की. जर्मनीला सोलापूरचा वायरमन गेलता काय?"

अखेर एक खरी घरमालकीण सापडली, एकटी राहणारी वयस्क बाई. तिचीही अट एकच: भाडेकरू शांत हवा. कॉल दुपारी चारचा ठरला. चारला पाच कमी असताना वडिलांनी स्वतः खाली जाऊन आठही माग बंद केले.

यापुढचे श्रीनिवासच्या तोंडून. कामाच्या दिवशी सगळे माग एकदम थांबतात ते कुणी गेले तरच. तीन मिनिटांत आजूबाजूच्या कारखान्यांतली माणसे चपला काढून वर आली. "कोण गेलं?" आत्याने हंबरडा फोडला. कॉलचे आईला कुणी सांगितलेच नव्हते. मग तीही रडली. हे सगळे श्रीनिवासच्या पाठीमागे, स्क्रीनवर. घरमालकिणीने काय विचारले आणि त्याने काय उत्तर दिले, ते तो नीट सांगत नाही. "मॅडम, मी फक्त 'या, या' म्हणत होतो." जर्मनमध्ये 'या' म्हणजे 'हो'.

संध्याकाळी ईमेल आला. अशा प्रसंगीही वेळ पाळल्याबद्दल तिने त्याचे कौतुक केले होते आणि खोली दिली होती. वडिलांनी पत्ता दोनदा मोठ्याने वाचून घेतला. तिकीट निघाले, श्रीनिवास गेला.

गेल्या आठवड्यात वडील वर्गाच्या दारात उभे. हातात टपालाने आलेले काळ्या किनारीचे कार्ड, तिकडे सांत्वनाला पाठवतात तसले; आत शाईने लिहिलेल्या चार ओळी, खाली घरमालकिणीची सही.

"मॅडम, कोण गेलंय म्हणती ही बाई, तेवढं वाचून सांगा. आमी तर समदे हाय. पोरगंबी सकाळीच फोनवर बोललं."

मी दोनदा वाचले.

"नाव लिहिलेले नाही," मी म्हणाले.

सर्वनाम पुल्लिंगी होते.