चहात बुडवलेली वही

खोटं बोलताना मी तपशील देतो, ही माझी जुनी खोड. नुसतं "आहे" म्हणून थांबलो असतो तर पुढचे आठ दिवस जीव असा टांगणीला लागला नसता. पण बार्शीटाकळीहून मित्राचा फोन आला, त्यानं विचारलं, "वही हाय न बे तुह्याजवळ?" आणि मी म्हणालो, "हाव न! लोखंडी कपाटात हाय, वरच्या खणात. आईच्या लुगड्यात गुंडाळून ठेवली."

वही नव्हती. लोखंडी कपाटही नव्हतं. लुगडं तेवढं खरं होतं, पण त्याची केव्हाच गोधडी झालेली.

"रविवारी येतो सकाळच्या यष्टीनं," तो म्हणाला. "मार्केटचा भाव पाहून घेईन. पण सांगून ठेवतो, मले पहिले वही पाह्याची हाय. गेम मंग."

कोणती वही, ते आधी सांगायला हवं.

आम्ही दोघं अकोल्याला कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही कीबोर्ड पुसायचो, धुळकट पडदे धुवायचो, आणि त्या बदल्यात दुपारी बॅच नसताना एक कॉम्प्युटर आमचा असायचा. तिथं आम्हाला टपालवाला भेटला. एक विसरभोळा म्हातारा, पाठीवर पिशवी, पिशवीत एकच पत्र, आणि पत्ता पावसात पुसलेला. चित्रात जिथं टिचकी माराल तिथं तो जायचा. दिसेल ते उचलायचं, पिशवीत घालायचं, आणि अडलं की कोणती वस्तू कशाला लावून पाहावी याचा विचार करत बसायचं. बंदुका नाहीत, मारामारी नाही. डोकं खाजवणं हाच खेळ. एकदा तर एक गोठलेलं कुलूप उघडायला आम्हाला दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वेळ लागला.

त्यात आमचा एक नेम होता. माऊस माझा, वही त्याची. मी टिचक्या मारायच्या, त्यानं शेजारी बसून दोनशे पानी वहीत सगळं उतरवायचं. गल्ल्यांचे नकाशे, दारांचे आकार, कोण काय बोललं ते. त्याचा हात इतका चांगला होता, की गेममधल्या बोक्यापेक्षा त्याच्या वहीतला बोका जास्त लबाड दिसायचा. दुसऱ्या कुणाला उत्तर विचारायचं नाही आणि वहीशिवाय खेळायचं नाही, असं त्या वहीवर हात ठेवून ठरलेलं.

तीन भाग आम्ही असे संपवले. तिसऱ्याच्या शेवटी टपालवाला एका दारापाशी पोचला. दारावर आठ निशाणं एकेक करून उजळली. क्रम सोडून सांगायचं तर मासा, किल्ली, चंद्र, कंदील, शिडी, घंटा, कात्री, पान. निशाणं सगळ्यांना हीच, पण त्यांचा क्रम ज्याचा त्याला वेगळा. "लिहून ठेवा," म्हातारा म्हणाला, त्यानं दार वाजवायला हात उचलला, आणि पडदा काळा झाला. पुढचा भाग निघालाच नाही. गेम काढणारी मंडळीच पांगली.

मित्र शिक्षण सोडून घरच्या भाजीच्या मळ्यात गेला. जाताना वही माझ्या हातात दिली. "माह्या घरी बाप चुलीत घालीन. तुह्यं घर पक्कं हाय. जपून ठेवजो."

पक्क्या घरानं ती चार वर्षं जपली. मग मला अमरावतीला नोकरी लागली, लग्नाची बोलणी सुरू झाली, आणि अचलपूरहून मुलीकडचे आमचं घर पाहायला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी मी माझी खोली आवरली. भिंतीवरची चित्रं काढली, सीड्या लपवल्या, आणि बोक्याचं चित्र असलेली ती वही हातात घेऊन विचार केला, की सरकारी नोकरीतला नवरदेव हे काय खेळतो, असं पाहुणे म्हणतील. रद्दीवाला नेमका दारात होता. जुन्या गाइडांच्या गठ्ठ्यात वहीही गेली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही मी.

नंतर आमचं बोलणं दिवाळी-पाडव्याच्या फोनापुरतं उरलं. दर वेळी तो शेवटी विचारायचा, "वही हाय न?" आणि मी "हाव" म्हणायचो.

आणि यंदा ती पांगलेली मंडळी पुन्हा एकत्र आली. चौथा भाग येणार! टपालवाल्याच्या वेड्यांचा एक ग्रुप फोनवर आहे, कुठकुठल्या गावची माणसं त्यात आहेत, आणि सगळे माळ्यावर चढून जुने कागद शोधायला लागले. एकाला त्याचा क्रम लग्नपत्रिकेच्या मागं सापडला. एकाच्या बायकोनं तो कागद धुण्यात टाकला होता, त्याला ग्रुपवर लोकांनी अक्षरशः श्रद्धांजली वाहिली. कारण नवा गेम उघडल्यावर आधी आपला जुना क्रम विचारणार होता. बरोबर दिला तर दार उघडेल. तीनदा चुकला तर टपालवाला तुम्हाला ओळखणार नाही, नवख्यासारखी नवी गोष्ट सुरू होईल, आणि ते पत्र कुणाचं होतं, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

मी त्या बिचाऱ्याच्या श्रद्धांजलीत हात जोडलेले दोन चेहरे टाकले आणि फोन उलटा ठेवून दिला.

सोमवारी एखाद्यानं फोन करून खरं सांगितलं असतं. मी वहीच्या दुकानात गेलो.

"दोनशे पानी, आखीव. जुनी पाहिजे."

"जुनी? मंग रद्दीच्या दुकानात जा न."

"नाही, कोरी पाहिजे. पण जुनी."

दुकानदारानं चष्मा खाली केला. "काका, उन्हातून आले काय? पाणी देऊ?"

अखेर तळाच्या खोक्यातली एक पिवळट कडांची वही मिळाली. मंगळवार, बुधवार, ऑफिसातून आल्यावर आतल्या खोलीचं दार लावून मी वीस वर्षांपूर्वीच्या गल्ल्या आठवत बसलो. माझा बोका उंदरासारखा आला. त्याला शेपूट वाढवून दिली तर तो खारीसारखा झाला. आठ निशाणांच्या क्रमातली पाच मला नक्की आठवत होती, म्हणजे मंगळवारी नक्की होती. बुधवारी त्यातली तीन डळमळीत झाली.

गुरुवारी वही म्हातारी करायचं काम काढलं. ग्रुपवरच कुणीतरी एकदा लिहिलं होतं, की कागद चहात बुडवला की जुना दिसतो. ऑफिसचे चार जण घरी येऊन गेलेले, भगुण्यात चहा उरलेला. एकेक पान त्यात भिजवून वही गच्चीवर वाळत घातली. आमच्या उन्हाला वीस वर्षं लागत नाहीत, दोन दुपारी पुरतात. बायकोनं कुरडया वाळू घातल्या होत्या, त्यांच्या शेजारीच.

"अवो, हे काय वाळू घातलं तुमी?"

"ऑफिसचा जुना कागद. ओला झाला होता."

"मंग त्याले चहाचा वास काहून येऊन राहिला?"

"ऑफिसमध्ये चहा सांडला."

कुरडयांचं कापड तेवढं चार हात लांब सरकवलं तिनं.

शनिवारी मला जेवण गेलं नाही. मित्रानं त्याच्या नंबरावर लावलेला फोटो माझ्या फोनवर उघडून पाहत बसलो. मार्केटमध्ये वांग्यांच्या प्लास्टिक कॅरेटची थप्पी, त्यावर निळ्या रंगाचे फराटे, आणि शेजारी तो उभा, कपाळ रुंद झालेला. माणूस साधा आहे, मी स्वतःला म्हणालो, त्याला काय कळणार. आणि हे म्हणताना मला माझीच लाज वाटली, पण तेवढ्यानं मी थांबलो नाही.

रविवारी दहाला तो आला. हातात वांगी आणि भेदरं भरलेली पिशवी. टमाट्याला आम्ही भेदरं म्हणतो. ती बायकोच्या हातात दिली, "वहिनी, सकाळचे तोडेल हायेत," म्हणाला, पाण्याचा पेला एका घोटात संपवला आणि हात पँटला पुसून पुढं केले. दोन्ही हात.

"दे."

मी वही दिली. लुगडं नव्हतं, म्हणून बायकोच्या जुन्या ओढणीत गुंडाळून. त्यानं ओढणी सोडली, वरचं पान पाहिलं, बोक्यापाशी थांबला.

"बारीक झाला हा," तो एवढंच म्हणाला.

"जुना कागद आकसतो बे," मी म्हणालो. तपशील, तपशील!

कॉम्प्युटर सुरू केला. तेच संगीत लागलं, तोच म्हातारा दारापुढं उभा, वीस वर्षं हात तसाच उचललेला. मी माऊस धरला, तो शेजारी वही घेऊन बसला. तो वाचू लागला आणि मी टिचक्या मारू लागलो.

"मासा. किल्ली. शिडी." तो थांबला. "शिडी?"

"वहीत आहे न?"

"हाव, वहीत हाय." त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग पुढं वाचलं. आठवं निशाण दाबलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. चूक.

"तुह्यी चित्रं नीट कळत नाहीत," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातल्या नीच वाक्यांत याचा नंबर फार वरचा आहे. "ती घंटा आहे का कात्री? घाईत काढली असशील. अदलाबदल करून पाहू."

"माह्यी चित्रं?" तो हळूच म्हणाला.

अदलाबदल केली. म्हाताऱ्यानं पुन्हा मान हलवली. आता एकच संधी उरली होती. मी पंखा फुल्ल केला.

तेवढ्यात त्यानं मनगट झटकलं. मग पुन्हा झटकलं. वही त्यानं टेबलावर ठेवली, तर शिवणीतून लाल मुंग्यांची एक रांग बाहेर येत होती, आणि दुसरी, खिडकीच्या फटीतून आलेली, आत जात होती. आमच्या घरी चहा असतो तो पाकात पत्ती टाकल्यासारखा, हे जगातला कुठलाही बनावट कागद करणारा लक्षात ठेवेल, मी ठेवलं नव्हतं. त्यानं पानावर बोट घासलं, वास घेतला, जिभेला लावलं.

"साखर जास्त हाय," तो म्हणाला.

बोलण्यासारखा तपशील उरला नव्हता.

"कुठं गेली?"

"रद्दीत."

"कवा?"

"लग्नाच्या आधी. अचलपूरचे पाहुणे येणार होते. म्हटलं, काय म्हणतील."

बायको चहाचे कप घेऊन दारातच उभी होती. "आमच्यापायी?" ती म्हणाली. "आमच्यापायी फेकली तुमी? अवो, माह्या घरी तं भाऊ दिवसभर गेम खेळे! बाबा जेवाचं ताट त्याच्या कॉम्प्युटरपाशी नेऊन देत!"

मित्र हसला नाही. तो उठला, बायकोनं रिकामी करून ठेवलेली पिशवी घडी करून खिशात घातली. "अकोल्याची यष्टी किती वाजता हाय?"

"थांब न. अजून एक संधी आहे."

"गेमसाठी आलो होतो काय मी? क्रम मले पाठ हाय." तो माझ्या फोनकडं बोट दाखवत म्हणाला, "माह्या फोटोत पाय न. आठ कॅरेटची थप्पी, एकेकावर एकेक निशाण, मासा सगळ्यात वर, पान सगळ्यात खाली. वीस वर्षं झाले, मार्केटात माह्ये कॅरेट कोणी अदलाबदल करत नाही. निशाण वळखतात लोकं."

निळे फराटे. शनिवारी अर्धा तास मी त्यांच्याकडंच पाहत बसलो होतो.

"मंग पहिल्यांदा चुकलं तेव्हाच काहून नाही बोलला?"

"तू कुठवर जातं ते पाहून राहिलो. माह्या चित्रायले नावं ठेवशीन, हे नव्हतं वाटलं." त्यानं टेबलावरची वही माझ्याकडं सरकवली. "ते रातभर पडून राहाचो न मी मळ्यात, मोटर चालू ठेवून, तवा वाटे, चला, एक वस्तू तरी हाय आपली, पक्क्या घरात."

पडद्यावर म्हातारा हात उचलून थांबलेला. मी खुर्चीवरून उठलो आणि बाजूला झालो. त्या क्लासात इतकी वर्षं मी ही खुर्ची एकदाही कुणाला दिली नव्हती.

तो दाराशी उभा राहिला. बायको म्हणाली, "भाऊजी, चहा तं घ्या. बिनसाखरेचा करून आणते पाह्यजे तं."

तेव्हा कुठं त्याच्या मिशीचं एक टोक हललं. तो परत आला, खुर्चीत बसला, माऊसवर हात ठेवला. भाजी तोडून चिरा पडलेला तो हात माऊसवर अवघडलेला दिसत होता. "मासा," तो स्वतःशी म्हणाला. "किल्ली. कंदील." घंटा, चंद्र, शिडी, कात्री. शेवटी पान.

म्हाताऱ्यानं दार वाजवलं. दार उघडलं. आत एक लांबच लांब बोळ होता, दोन्ही बाजूंना दारंच दारं, आणि टपालवाला म्हणाला, पत्ता आता वाचता येतोय, पण घर शोधावं लागेल.

मी जवळजवळ ओरडलोच. त्यानं मात्र मागं न पाहता हात पुढं केला.

"कोरी वही हाय काय घरात? का तीपण चहात बुडवली?"

बायकोनं किराण्याची अर्धी वापरलेली वही आणली. त्यानं ती माझ्या मांडीवर टाकली. "आता मी माऊस धरतो. तू लिही. दारं मोज पहिले. अन् तो कोपऱ्यातला बोका काढ."

मी काढला.

"हा बोका हाय?"

"हाव."

"खोड. पुन्हा काढ."

असे पाच रविवार झालेत. पत्र अजून कुणाचं ते कळलेलं नाही. दर रविवारी साडेचारच्या बसला जायच्या आधी तो हात पुढं करतो, मी वही देतो, तो पानं मोजतो, रुमालात बांधून पिशवीच्या तळाशी ठेवतो आणि वर कॅरेट बांधायची सुतळी टाकतो. परवा मी म्हणालो, "एवढ्या खेपेला राहू दे न माझ्याकडं, बोका जरा नीट करून ठेवतो." त्यानं नुसतं माझ्या घराच्या पक्क्या भिंतींकडं पाहिलं, पिशवी काखेत मारली आणि रिक्षाला हात केला.