लाखेचं कडं

आधी लाल लाखेचं कडं दिसायचं, मग आईचा हात. आरशाच्या बारीक तुकड्यांनी मढवलेलं, कांद्याच्या नि फोडणीच्या वासात मुरलेलं ते कडं लखलखत वर जायचं आणि माझ्या पाठीवर उतरायचं... आजही कांदा चिरल्याचा वास आला की माझे खांदे आपोआप आक्रसतात.

बाबा रेल्वेत, म्हणून आम्ही भुसावळहून जयपूरला आलो. क्वार्टरमधल्या त्या उन्हाळी दुपारी, खिडक्यांच्या फटींतून आत येणारी धूळ, कूलरच्या वाळ्याचा ओला सुगंध — आणि बंद दाराआड आईचा मार. मार खाऊन झाला की मी कोपऱ्यात बसून माझा अपराध शोधत असे. पाणी सांडलं म्हणून? हिंदीत उत्तर दिलं म्हणून? पण पाणी तर कालही सांडलं होतं आणि काल ती हसली होती. मार कधी बसणार हे आधी कळावं, एवढंच मला हवं होतं.

हळूहळू ते कळलं. भुसावळहून मामाचा फोन यायचा, आजीचं दुखणं वाढलेलं असायचं, बाबांना रजा मिळालेली नसायची — अशा दुपारी माझं काही खरं नसे. मग फोनची घंटा वाजली की मी पाण्याच्या माठाकडेही फिरकेनाशी झाले.

एकदा मात्र फोन आला तेव्हा मी शाळेत होते. घरी आले आणि पिठाचा डबा हातातून निसटला. त्या दिवशी आई थांबेचना. पाठ, दंड, डोकं, लागेल तिथे ती मारत राहिली; शेवटी माझ्या कोपरावर कडं फुटलं, आरसा आत रुतला आणि सांडलेल्या पिठात रक्ताचे थेंब पडले. तेव्हा ती मटकन खाली बसली.

"माझी आई गेली गं," ती म्हणाली. "मी पोचेपर्यंत ठेवणार नाहीत तिला."

खोटं कशाला सांगू, आजीसाठी मला रडू आलं नाही. चूक माझी नव्हती, या एका गोष्टीने इतकं हलकं वाटलं, की पीठ माखलेल्या हाताने मी आईचं डोकं थोपटत राहिले. तिचा राग मला पुढे आला, फार वर्षांनी... आणि तो अजून गेलेला नाही.

निवृत्तीनंतर आईबाबा भुसावळला परतले. मी लग्न होऊन इथेच, जयपूरच्या सोडाल्यात राहिले. लाखेचं कडं मी कधी घातलं नाही. तेवढ्याने भागेल असं वाटलं होतं.

आई आता माणसं विसरते. परवा बाबांनी फोन तिच्या हातात दिला, तर तिने मला अदबीने विचारलं, "आपण कोण बोलताय?" मी फोन ठेवला, कांदा चिरायला घेतला, आणि तेवढ्यात माझ्या लेकीच्या हातून दुधाचा पेला सांडला. माझा हात वर गेला. तो पहिल्यांदा गेला नव्हता.

ती पळाली नाही. दोन्ही हात डोक्यावर धरून तिने हळूच विचारलं, "आई, आज नानीचा फोन आला का?"

हात खाली आणायला मला फार वेळ लागला. मग दूध तसंच वाहू देत मी तिच्याशेजारी फरशीवर बसले.

"हो," मी म्हणाले. "नानी मला विसरली."