पाळकसाहेबांनी काढायला सांगितलेलं पुस्तक

आमच्या चर्चजवळ ख्रिस्ती पुस्तकं विकणारा हा गृहस्थ हळू आवाजात बोलताना मी कधी ऐकलेला नाही. स्वतः वाचल्याशिवाय तो एकही पुस्तक विकत नाही, आणि वाचताना लेखकाशी तावातावानं भांडतो. "कुठं लिवलंय असं? दाव की!" अशी गर्जना ऐकून मी एकदा धावत आत शिरलो, तर दुकानात हा एकटाच!

परवा मात्र समोर साक्षात आमच्या चर्चचे पाळकसाहेब उभे होते. विश्वास पक्का असेल तर औषधं सोडा, असं सांगणारं पुस्तक त्यांनी त्याच्यापुढं आपटलं.

"ही खोटी शिकवण ख्रिस्ती दुकानात? आजच्या आज काढा!"

"काढतो की! मग लोकं घरात बसून मोबाईलवर वाचतील. तिथं त्यास्नी कोण अडवणार, तुम्ही?"

खरं सांगतो, मी पाळकसाहेबांच्या बाजूचा होतो. असलं विष दुकानात ठेवणाऱ्याचा मला संतापच आला होता.

तेवढ्यात गडमुडशिंगी गावच्या एका काकींनी येऊन नेमकं तेच पुस्तक मागितलं. नवऱ्याच्या मधुमेहासाठी हवं होतं.

पुस्तक छातीशी धरून दुकानदार कडाडला, "काकी, त्यांचं इंजेक्शन चालू हाय न्हवं?"

काकींनी मान खाली घातली. "रविवारपासनं बंद केलंय. ते नुसतं झोपूनच हाईत."

दुकानदारानं शटर खाली ओढलं आणि पाळकसाहेबांवर ओरडला, "पुस्तकाचं मागनं बघू! आधी तुमची गाडी काढा, त्यांना दवाखान्यात न्यायचंय!"

पाळकसाहेब गाडीकडं धावले.