एसीतले बास

भेटल्याबरोबर तो माणूस समोरच्याचा हात हातात घ्यायचा आणि उलटा करून तळवा बघायचा. नागपुरात मिहानमधल्या आमच्या ऑफिसात नव्या पोरींना वाटायचं, सरांना हस्तरेषा कळतात. एकीने तर लग्न कधी जमेल म्हणून विचारलं. हा म्हणाला, "ते मले मालूम नाही. पण तुले घाम लय येते. तुले नाही दाखवता येत."

दाखवायचं काय, तर बास गिटार. जुने, दुर्मिळ, देशोदेशींहून मागवलेले. मी तेव्हा सक्करदऱ्यात त्याच्या शेजारी राहायचो, ऑफिसला त्याच्याच गाडीत जायचो, आणि जाता-येता त्यांची कुळकथा ऐकायचो. सुटका नव्हती हो, गाडी त्याची!

साधी गिटार तुम्हाला ठाऊकच आहे. बास म्हणजे तिचा थोरला भाऊ. मान लांब, तारा जाड आणि चारच, आवाज खर्जातला. समोरच्या काकांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हळहळले, "दोन तारा तुटल्या काय गा?" काकांना पुन्हा त्या घरात बोलावणं झालं नाही.

घरात एसी एकच, तो बासच्या खोलीत. मे महिन्यात सारं नागपूर होरपळत असताना आई आणि बायको कूलरपुढे ओला टॉवेल घेऊन बसायच्या, आणि बास काचेच्या कपाटात थंडगार. "लाकूड हाये ते, मान वाकते त्याची," हा म्हणायचा. "आन् माह्यी वाकली ते दिसत नाही तुमाले," वहिनी म्हणायच्या. दुपार झाली की त्या झाडू घेऊन त्या खोलीत शिरायच्या आणि संध्याकाळपर्यंत झाडत राहायच्या. इतकी स्वच्छ खोली अख्ख्या सक्करदऱ्यात नसेल.

वाजवायचा का? छे! कॉलेजात वाजवायचा म्हणे. आता सगळ्यांच्या तारा ढिल्या सोडलेल्या, ॲम्प्लिफायरवर प्लास्टिक. ऑफिसच्या कार्यक्रमाला पोरांनी एक बास मागितला, तर साहेबांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. मी एकदा वैतागलो, "अबे, वाजवत नाही तर घेतो काहून?"

"वाजवलं का घासते. ओरिजिनल हाये गा ते," तो म्हणाला आणि माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मीच वरमलो.

सगळ्यांत लाडका होता सायीच्या रंगाचा एक बास. त्याच्या जुन्या रंगाला केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या. आपल्या घराच्या भिंतीला भेग पडली तर आपण मिस्त्री बोलावतो. ही मंडळी भेगांवर जीव टाकतात. तर बंगळुरूच्या एका संग्राहकाकडे एक बास होता, बोटांखालच्या धातूच्या पट्ट्याच नसलेला. तसे जगात मोजकेच उरलेत म्हणे. त्याच्यासाठी आमचा गडी कित्येक वर्षं झुरत होता. शेवटी तो गृहस्थ अदलाबदलीला तयार झाला. सायीच्या रंगाचा द्या, हा घ्या. मात्र रंग जसाच्या तसा हवा, एक डाग चालणार नाही. दिवस ठरला दसऱ्याचा. त्या आनंदात याचं जेवणावरून लक्षच उडालं.

दसऱ्याला सकाळी त्याने तो बास पुसून-पासून बैठकीत स्टँडवर उभा केला, पाहुण्याला आल्याबरोबर दिसावा म्हणून. मग मला घेऊन विमानतळावर गेला. पाहुण्याला घेऊन आलो, दार उघडलं, आणि तिघंही उंबरठ्यावरच थिजलो.

दसऱ्याला हत्यारं-अवजारं आपण सगळेच पुजतो. त्याच्या मायनेही पुजली होती. पाटावर विळी, कात्री, पाना. बाहेर स्कूटरला हार. आणि स्टँडवरच्या बासला झेंडूचा हार, पुढ्यात नारळ, अंगावर मधोमध ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक.

हा धावला आणि रुमालाने खसाखसा पुसायला लागला. तिथेच घात झाला. कुंकू नेमकं भेगांत उतरलं आणि सायीच्या रंगावर लाल शिरांचं जाळं उमटलं.

"माय, हे काय केलं वं?"

मायला ऐकू फार कमी यायचं. मिक्सर, बेल, सुनेची हाक, काहीच पोचायचं नाही. ती कौतुकाने म्हणाली, "तुह्या हत्याराची पूजा केली बाबू! कपाटात कोंडून राह्यते बिचारं. आज बाहेर दिसलं."

पाहुण्याने चष्मा लावून ते जाळं पाहिलं. "ये तो गया भाई," म्हणाला. पुरणपोळी मात्र दोनदा वाढून घेतली, आपट्याची पानं खिशात घातली आणि सोबत आणलेली आपल्या बासची पेटी न उघडता निघून गेला.

मला वाटलं, आता भडका उडणार. तसलं काही झालं नाही. तो सोफ्यावर नुसता बसून राहिला. इतकी वर्षं मी त्याची टर उडवली, पण त्या वेळी त्याच्या शेजारी जाऊन बसलो हो.

बऱ्याच वेळाने उठला. ॲम्प्लिफायरवरचं प्लास्टिक ओढून काढलं. "खराबच झाला ना आता? मंग काय घासाचं राह्यलं याचं!" असं म्हणत तारा ताणल्या आणि वाजवायला बसला. हार तसाच गळ्यात. बोटं आखडलेली, ताल चुकत होता. पण तो खर्ज फरशीतून पायांत चढला, स्वयंपाकघरातली ताटं थरथरली.

मायने दचकून मान वर केली. "कोन वाजवून राह्यलं? मले ऐकू येऊन राह्यलं!"

त्याचे हात थांबले. वहिनी ओल्या हातांनीच दाराशी आल्या.

"थांबला काहून? वाजव ना गा," माय म्हणाली.

मग तो वाजवत राहिला. डोळ्यांतलं पाणी बासच्या त्या ओरिजिनल रंगावर टपटप पडत होतं आणि पठ्ठ्या ते पुसत नव्हता. मी खिडकीबाहेर बघत बसलो, दुसरं करणार काय?

वाजवणं संपलं तेव्हा मायने कुंकवाची वाटी उचलली आणि एसीच्या खोलीकडे बोट केलं.

"बाकीचेही आन बाहेर, बाबू. त्यायलेही लावून देतो."

तो कपाटाची किल्ली आणायला उठला.