मयूरी मॅडमचा हुकूम

मुख्याध्यापकांचा गुडघा सहलीच्या आदल्या दिवशीच बरोबर धरतो. यंदाही धरला. "मॅडम, पोरांना तुम्हीच घेऊन जा. नेतृत्व शिकाल," म्हणाले आणि मोकळे झाले. मयूरी मॅडम तापीकाठच्या गुजर घरातल्या. आमच्या धडगावकडच्या शाळेत नव्यानेच लागलेल्या. पोरं त्यांचं ऐकत नाहीत ही बातमी त्यांच्या माहेरपर्यंत गेली होती. म्हणून त्यांनी सहल मुद्दाम तिथेच न्यायची ठरवली, काकांच्या केळीच्या मळ्यात. आपल्याला पोरं सांभाळता येतात, हे एकदा घरच्यांना दाखवायचं होतं.

जीप माझी. धडगावच्या जीपमध्ये किती माणसं बसतात ते विचारू नये, त्यातून ही पोरं. घाट लागताच आरडाओरडा सुरू झाला, दोघांना उलट्या झाल्या, मॅडमच्या नाकीनऊ आले. शिट्टी फुंकून उपयोग होईना. शेवटी त्या कडाडल्या, "आता एकानेही तोंड उघडायचं नाही! बोलेन ती मीच. तुम्ही फक्त सांगितलेलं करायचं." पोरं चिडीचूप. मला तर बरंच वाटलं, डोकं उठलं होतं माझं.

मळ्यावर पोचल्यावर मी जीपला पाणी घालायला विहिरीवर गेलो. पुढचं सगळं मला नंतर पोरांकडून कळलं. काकांनी, म्हणजे बन्सीलाल पाटलांनी, शेतातली ताजी मक्याची कणसं भाजून टोपलीभर पुढे ठेवली. मॅडमनी खा म्हटलं, तरी एकाही पोराने हात लावला नाही. पोटात कावळे ओरडत होते, तरी सगळी माना खाली घालून बसली. आमच्या डोंगरात नवाईची पूजा होईपर्यंत नवं धान्य कोणी तोंडात घालत नाही. आधी खाल्लं तर देव कोपतो, घरावर संकट येतं, असं मानतात. पण हे सांगायचं तर तोंड उघडायला हवं, आणि त्यालाच बंदी.

काका कणसांकडे बोट दाखवून हसले. "का वं मयूरी, आमना मकामा काय खोट शे? पोरे तुन्हं ऐकतसच नही!"

काकूही पदर तोंडाला लावून हसली. मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग आला काकांचा, पण वड्याचं तेल वांग्यावर. समोर निशा होती. वर्गात मॅडमच्या मागे मागे फिरणारी ती एवढी एकच पोर. मॅडमनी तिच्या हातात कणीस कोंबलं. "खा! मी सांगतेय ना?"

निशाने खाल्लं.

परतताना तिच्या शेजारी कोणी बसेना. ती नुसती रडत होती. "काय झालं? बोला की रे!" मॅडम विचारून थकल्या. मी जीप बाजूला लावली आणि आमच्या बोलीत विचारलं, तेव्हा एकेकाने सांगितलं. मॅडम भडकल्या. "मग मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्हीच बोलू नका म्हणाल्या," एक पोरगी म्हणाली.

मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला.

निशाच्या पाड्यापाशी जीप थांबली, पण ती उतरेना. "आईला काय सांगू?" एवढंच म्हणायची. मी म्हटलं, "मॅडम, मी बघतो समजावून. तुम्ही बसा."

"नको, उदेसिंगभाऊ. तुम्ही फक्त माझं बोलणं तिच्या आईला सांगा."

निशाची आई कालीबाई दारातच होती. तिला मराठी फारसं येत नाही. मॅडम म्हणाल्या, "नवं कणीस हिला मी खायला लावलं. हिची काही चूक नाही." मी ते आमच्या पावरी बोलीत सांगितलं.

मला वाटलं, आता ही बाई तोंड सोडणार. सोडलं असतं तर बरं झालं असतं. तिने पदराने पोरीचं तोंड पुसलं आणि हळूच काही म्हणाली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला सांगणं जिवावर आलं.

"काय म्हणतात त्या?"

"म्हणते, सकाळी निघताना मीच तिला बजावलं होतं, मॅडम सांगतील तसंच वाग."

मॅडमचे डोळे भरून आले. कालीबाई आणखी काही बोलली. आता गावच्या पुजाऱ्यापुढे चूक सांगावी लागेल, त्यासाठी पोरीला उभं करावं लागेल. मी तेही सांगितलं.

"पोरीला कशाला?" मॅडम म्हणाल्या. "पुजाऱ्याचं घर कुठे आहे? मी उभी राहते."